डीजे ठरवताय की भिंत?

लग्नाच्या यादीत ‘डीजे’ अशी एकच ओळ असते आणि घोळ तिथेच सुरू होतो. त्या एका ओळीत दोन वेगळी कामं दडलेली असतात. एक साउंडवाल्याचं: बेस (दणक्याचे स्पीकर), टॉप (बारीक आवाजाचे स्पीकर), ॲम्प्लिफायर, जनरेटर, टेम्पो. हे स्पीकर एकावर एक रचले की झाली ‘भिंत’. दुसरं कन्सोलमागे उभं राहणाऱ्याचं: कोणतं गाणं, कधी आणि किती वेळ. कोटेशन मात्र बहुतेकदा पहिल्याचंच येतं, ‘चार बेस, चार टॉप, लाइट फ्री’. दुसऱ्याच्या जागी मग साउंडवाल्याकडचाच एखादा पोऱ्या लॅपटॉपसमोर बसतो आणि तयार रिमिक्सची फाइल लावून देतो.

साउंडची पारख त्यामानाने सोपी. वॉटच्या आकड्यांना भुलू नका. ॲम्प्लिफायरचे वॉट दुप्पट केले तरी आवाज ३ डेसिबलनेच वाढतो. कानाला तो दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल वाढावे लागतात, म्हणजे दहापट वॉट! त्यापेक्षा स्पीकर कुठे ठेवणार, लाइट गेली तर काय, भटजींना वेगळा माइक आहे का, आणि माइकने शिट्टी मारली तर कोण धावणार, हे विचारा.

माणसाची पारख अवघड, कारण ती ऐकूनच होते. हळदीला कोळीगीतं चालू आहेत, बायका रंगात आल्यात आणि आता नवरदेवाच्या मित्रांना पंजाबी गाणं हवंय. बऱ्याच कोळीगीतांचा ठेका दादरा तालाच्या चालीचा, सहा मात्रांचा. पंजाबी गाणं केरवा तालात, आठ मात्रांचं. लॅपटॉपवर सिंकचं बटण दाबलं की दोन्ही गाण्यांचा वेग जुळेल, पण ठेका जुळत नाही. नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात आणि अर्धी मंडळी खुर्चीकडे वळतात. जाणता डीजे इथे मिक्सिंगची हौस भागवत नाही. कडवं संपू देतो, ढोलकीचा तुकडा वाजवून घेतो आणि सरळ तोडून नवं गाणं सुरू करतो. समोर आजी नाचत असेल तर तिचं गाणं मध्येच कापत नाही. दर दोन मिनिटांनी स्वतःचं नाव गाजवणारा, प्रत्येक गाण्यावर भोंगा वाजवणारा डीजे मला तरी कच्चा वाटतो.

म्हणून रील पाहून ठरवू नका, रील कापून-जोडून बनते. त्याचं एखादं रिसेप्शन असेल तर हॉलच्या दारात अर्धा तास उभे राहा. फ्लोअर रिकामा पडल्यावर तो काय करतो ते बघा: आवाज वाढवतो की गाणं बदलतो? आणि एक प्रश्न नक्की विचारा, ‘शेवटच्या ‘सावधान’नंतर पहिलं काय वाजणार?’ चांगला माणूस लगेच विचारेल की सनई-चौघडा, ताशा आहे का. असेल तर त्या क्षणी तो स्वतः गप्प राहणार असतो.

वेळेचं गणितही दोघांसाठी वेगळं. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्री १० नंतर उघड्यावर स्पीकर बंद, अपवाद सरकारने सूट दिलेल्या मोजक्या दिवसांचा. साउंडवाला म्हणतो, ‘पोलीस आले तर बघू.’ डीजे मात्र ९ वाजताच हातातली चांगली गाणी वाजवून घेतो. लॉनवर लग्न असेल तर हा फरक फार महागात पडतो.

करारात दोन ओळी वेगळ्या लिहून घ्या: सामानाचे किती, माणसाचे किती. माणसाचं नाव लिहा, नाहीतर ऐन वेळी दुसराच येतो. नको असलेल्या गाण्यांची यादी आठवडाभर आधी द्या. हव्या असलेल्यांची छोटी ठेवा, त्याला काम करू द्या.

आणि वरात दोन गल्ल्यांचीच असेल तर टेम्पोवर भिंत चढवूच नका. बँजो पार्टी सांगा आणि वाचलेले पैसे रिसेप्शनच्या माणसाला द्या.