रेडियमचा थर आणि शिशाचा पापुद्रा: ‘नॉर्म’ म्हणून एकाच रकान्यात बसणाऱ्या दोन गोष्टी

तेलविहिरीतून उपसून काढलेली ट्यूबिंग (तेल वर आणणारी नळी) आणि वायुप्रकल्पात दुरुस्तीसाठी उघडलेला प्रोपेनचा पंप, या दोन्हींच्या कागदांवर ‘नॉर्म’ असाच शेरा पडतो. नॉर्म म्हणजे निसर्गतःच किरणोत्सारी असलेले पदार्थ. शेरा एकच असल्याने तपासणीही एकाच पद्धतीने होते: किरणोत्सार मोजणारा मीटर घ्यायचा, बाहेरून फिरवायचा, आकडा लिहायचा. ट्यूबिंगला हे चालते. पंपाच्या बाबतीत मात्र याच पद्धतीने चक्क फसगत होते.

दोन्हींचे मूळ खडकातल्या युरेनियम-२३८ मध्ये आहे. खोलवरच्या ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात युरेनियम जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे ते खडकातच राहते. त्याच्या क्षय-साखळीत (अणू फुटत फुटत एकातून दुसरे मूलद्रव्य होत जाण्याच्या क्रमात) पुढे येणारे रेडियम-२२६ मात्र खाऱ्या पाण्यात उतरते, आणि रेडियमपासून होणारा रेडॉन-२२२ हा तर वायूच. रेडियम पाण्याबरोबर वर येते, रेडॉन वायूबरोबर.

आधी रेडियम. तेलाच्या साठ्यातल्या पाण्यात बऱ्याचदा बेरियम असते. दाब टिकवण्यासाठी आत समुद्राचे पाणी सोडले, की त्यातल्या सल्फेटची आणि बेरियमची गाठ पडते आणि बेरियम सल्फेटचा टणक थर, म्हणजेच ‘स्केल’, नळीच्या आतून धरू लागतो. रासायनिक स्वभावाने रेडियम बेरियमच्याच घराण्यातले, म्हणून तेही त्या स्फटिकांत जाऊन बसते. थोरियमच्या साखळीतले रेडियम-२२८ देखील तिथेच सापडते. सामान्य मातीत रेडियम-२२६ ग्रॅममागे साधारण ०.०३ बेकरेल असते (एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणे). नैसर्गिक युरेनियम-थोरियम साखळ्यांतल्या पदार्थांवर नियंत्रण लागते की नाही, याची आंतरराष्ट्रीय सीमारेषा ग्रॅममागे १ बेकरेल आहे. या थरांत मात्र नगण्य प्रमाणापासून ग्रॅममागे १५,००० बेकरेलपर्यंतची नोंद आहे. म्हणजे ‘स्केल आहे’ एवढ्याने काहीच कळत नाही, मोजावेच लागते.

ते मोजणे सोपे आहे. रेडियमच्या मागून येणारी शिसे-२१४ आणि बिस्मथ-२१४ ही जोडी जोरदार गॅमा किरण सोडते. ते पोलादाच्या भिंतीतून बाहेर येतात आणि मीटर बोलतो. उत्पादन बंद करा, नळी वर्षभर आवारात पडू द्या, आकडा फारसा हलत नाही, कारण रेडियम-२२६ चे अर्धायुष्य १,६०० वर्षांचे आहे.

आता रेडॉन. हा निष्क्रिय वायू, कशाला चिकटत नाही. पण त्याचा उत्कलनबिंदू उणे ६२ अंश सेल्सियस, म्हणजे इथेन (उणे ८९) आणि प्रोपेन (उणे ४२) यांच्या बरोबर मध्ये. वायूचे घटक थंड करून वेगळे करताना रेडॉन आपोआप इथेन-प्रोपेनच्या प्रवाहात गोळा होतो. एरवी नजरेआड राहणारा हा वायू तिथल्या पंपांत आणि नळ्यांत दाट होतो. प्रकल्प चालू असताना अशा पंपाबाहेर मीटर खणखणीत वाजतो. प्रवाह थांबवून आतला वायू काढून टाकला, की रेडॉनची अल्पजीवी अपत्ये (त्याच्या क्षयातून होणारी मूलद्रव्ये) तीन-चार तासांत संपतात आणि आकडा पार्श्वभूमीच्या पातळीवर येतो.

‘चार तास थांबून मगच उघडा’ हा नियम योग्यच आहे. उघडणाऱ्याचा गॅमा डोस त्याने वाचतो. घोटाळा होतो तो पुढच्या वाक्यात: ‘मीटर शांत झाला, आता साफ आहे.’ ती अपत्ये नाहीशी झाली म्हणजे शिसे-२१० मध्ये बदलली, आणि त्याचे अर्धायुष्य २२ वर्षे. त्याचा पातळ पापुद्रा आतल्या पृष्ठभागावर बसतो. कित्येकदा तो डोळ्यांना दिसतही नाही. त्याचे गॅमा किरण इतके दुबळे, की पोलाद त्यांना बाहेर येऊ देत नाही. त्यापुढच्या बिस्मथ-२१० चे बीटा किरणही भिंतीतच अडतात, आणि पोलोनियम-२१० चे अल्फा किरण तर कातडीच्या वरच्या मृत थरापलीकडे जात नाहीत. बाहेरून पाहिले तर सगळे शून्य. पण तोच पंप कोरड्या ब्रशने घासला किंवा ग्राइंडरखाली धरला, तर पोलोनियम धुळीतून थेट फुप्फुसात. मला थर आणि पापुद्रा या दोघांत हा पापुद्राच जास्त धोकादायक वाटतो, तो जास्त तीव्र आहे म्हणून नव्हे, तर तो हाताळणाऱ्याला बेसावध ठेवतो म्हणून.

त्यामुळे इथे तपासणी उघडल्यावर आणि आतून करावी लागते: पातळ खिडकीचा बीटा-शोधक पृष्ठभागाच्या अगदी जवळ नेऊन, शिवाय पुसणीचा (पृष्ठभाग पुसून घेतलेला) नमुना प्रयोगशाळेत पाठवून. तेलाची किंवा पाण्याची जराशी ओल असली तरी अल्फा मोजणी निरर्थक ठरते.

काम करताना दोन्हीकडे पथ्य तेच: पृष्ठभाग ओला ठेवा, कोरडे घासू नका, श्वसनसंरक्षण वापरा, तिथे खाणेपिणे नको. प्रतिबंधात मात्र साम्य संपते. सल्फेटचा थर होऊच नये म्हणून विहिरीत स्केल-रोधक रसायने सोडतात, किंवा समुद्राच्या पाण्यातले सल्फेट नॅनोफिल्टरच्या पडद्यांनी आधीच काढून टाकतात. एकदा धरलेला थर हायड्रोक्लोरिक आम्लाला दाद देत नाही, म्हणून तो उच्चदाबाच्या पाण्याने फोडून गोळा करतात. शिशाच्या पापुद्र्याबाबत ही रसायने कुचकामी, कारण रेडॉन वायूबरोबर येतच राहतो. तिथे कोणता पंप आणि कोणती नळी इथेन-प्रोपेनच्या वाटेवर आहे याची यादी ठेवणे हाच बराचसा उपाय.

फरक भंगारापर्यंत पोचतो. असे पोलाद वितळवले तर रेडियम धातूच्या मळीत (स्लॅगमध्ये) जाते. शिसे आणि पोलोनियम वाफ होऊन भट्टीच्या धुरातून गाळणीवरच्या धुळीत उतरतात. भंगारखान्याच्या फाटकावरचा गॅमा-शोधक पहिल्याला बहुधा अडवतो, दुसऱ्याला बिनदिक्कत आत सोडतो. म्हणून पंप कुठल्या प्रवाहावर होता हे प्रकल्पातून निघतानाच त्याच्या कागदावर लिहून द्यावे लागते.