भाजीचा भात आणि भाजीचा पास्ता

तांदूळ किंवा गव्हाचा पास्ता काढून त्या जागी कमी पिठूळ भाजी त्याच आकारात खिसून, चिरून किंवा तासून वापरण्याची पद्धत. फ्लॉवरचा रवाळ चुरा भाताची जागा घेतो. झुकिनी (काकडीसारखी दिसणारी परदेशी भाजी), दुधी, गाजर, कोबी यांच्या लांब दोऱ्या स्पॅगेटी या शेवईसारख्या पास्त्याऐवजी वापरतात, तर वांग्याचे पातळ उभे काप लझान्या या थरांच्या इटालियन पदार्थातल्या पास्त्याच्या पट्ट्यांऐवजी. मधुमेह असलेले, वजन उतरवू पाहणारे आणि गव्हातले ग्लुटेन हे प्रथिन न पचणारे लोक या पद्धतीकडे वळतात. ग्लुटेनचा प्रश्न फक्त पास्त्यापुरता आहे. तांदळात ग्लुटेन नसतेच, त्यामुळे त्या कारणासाठी भात सोडण्याची गरज नाही.

ही पद्धत पाश्चात्त्य देशांतल्या कमी कर्बोदकांच्या आहारातून आली. अशा आहारांपैकी कीटो, म्हणजे कर्बोदके अगदी कमी आणि चरबी भरपूर असलेला आहार, १९२०च्या दशकात अमेरिकेत अपस्माराच्या रुग्णांसाठी वैद्यकीय उपचार म्हणून सुरू झाला आणि पुढे कित्येक दशकांनी वजन कमी करणाऱ्यांनी तो उचलला. २०१०नंतर तिकडच्या दुकानांत खिसलेला फ्लॉवर पाकिटात मिळू लागला. तांदूळ पिकवणाऱ्या लुइझियाना आणि आर्कान्सा या राज्यांनी २०१९मध्ये अशा पाकिटांवर तांदळाचे नाव वापरण्याला आळा घालणारे कायदे केले. कोल्हापुरात ही पद्धत आहारतज्ज्ञांच्या सल्ल्यातून, व्यायामशाळांमधून आणि मोबाइलवरच्या पाककृतींमधून शिरली. इथे ती अजून घरगुतीच आहे. खानावळीत फ्लॉवरचा भात मागितला तर वाढपी बहुधा फ्लॉवरची भाजी आणि भात आणून ठेवील.

कोल्हापूरच्या ताटात भात ज्वारीच्या भाकरीनंतर येतो, पण त्याला दुय्यम समजणे चूक ठरेल. जिल्ह्याचा पश्चिमेकडचा पावसाळी पट्टा, म्हणजे गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, भुदरगड, आजरा, चंदगड हे तालुके, भाताचे आहेत. आजऱ्याच्या सुवासिक घनसाळ तांदळाला भौगोलिक मानांकन आहे. पूर्वेकडे पंचगंगा आणि कृष्णेच्या काठी शिरोळ-हातकणंगल्यात उसाबरोबर भाजीपाला पिकतो. भात पश्चिमेचा आणि त्याच्या जागी येऊ पाहणारी भाजी पूर्वेची, अशी ही जिल्ह्यातल्या जिल्ह्यातली अदलाबदल आहे. दोन्हीकडचा माल शहरात कपिलतीर्थ मंडईत आणि लक्ष्मीपुरीच्या बाजारात येतो.

पिठूळपणा आणि पाणी

भात, पास्ता आणि भाजी यांच्या वागण्यातला फरक स्टार्च या पिठूळ कर्बोदकामुळे पडतो. तांदूळ शिजताना स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात आणि दाणा मऊ, किंचित चिकट होतो. पास्त्यात स्टार्चभोवती गव्हाच्या प्रथिनांची जाळी असते, म्हणून तो शिजूनही आकार धरतो. फ्लॉवर किंवा दुधीत स्टार्च जवळजवळ नसतो. त्यांचा कडकपणा पेशींच्या भिंतींमधल्या सेल्युलोज आणि पेक्टिन या तंतुमय पदार्थांवर टिकलेला असतो आणि आत भरलेले असते पाणी: फ्लॉवरमध्ये सुमारे ९२ टक्के, झुकिनीत ९५ टक्के, दुधीत ९६ टक्के. आच लागली की भिंती ढिल्या पडतात आणि पाणी बाहेर येते. भात पाणी पितो, भाजी पाणी सोडते. या पद्धतीत जे काही बिघडते, ते बहुतेक वेळा एवढ्यामुळेच.

कोल्हापुरात याची खरी परीक्षा रश्श्यापाशी होते. मटण शिजवून निघालेल्या अळणी पाण्यापासून इथे तांबडा आणि पांढरा असे दोन रस्से होतात. पांढऱ्यात नारळाचे दूध, तीळ, खसखस, काजू. तांबड्यात घरची कांदा-लसूण चटणी आणि वर तवंग. दोन्ही पातळ असतात, कारण ते भुरकायचे आणि भातात कालवायचे असतात. भात हा रस्सा आत ओढून घेतो आणि घासाला धरतो. फ्लॉवरच्या चुऱ्यावर तोच रस्सा ओतला तर चुरा तरंगत राहतो, तवंग ताटाच्या कडेला जमतो आणि फ्लॉवरने सोडलेल्या पाण्याने पांढरा रस्सा फिका पडतो. म्हणून रश्श्याच्या जेवणात फ्लॉवरचा भात हा पर्याय जमत नाही, हे सरळ मान्य करावे. ज्यांना भात टाळायचाच आहे त्यांनी रस्सा वाटीत घेऊन प्यावा आणि चुरा सुक्या मटणाबरोबर किंवा घट्ट अख्ख्या मसूरबरोबर खावा. फोडणीचा भात, मसालेभात, पुलाव, लिंबू-भात असे मोकळे, कोरडे प्रकार मात्र फ्लॉवरला चांगले साधतात; तिथे चव फोडणीची असते आणि दाण्याने फक्त ती अंगाला लावून घ्यायची असते.

फ्लॉवरचा भात

गड्डा घट्ट, पांढरा, डाग नसलेला घ्यावा. थंडीत तो स्वस्त आणि चांगला मिळतो. पावसाळ्यात महाग असतो आणि अळ्याही जास्त. तुरे सुटे करून कोमट मीठ-हळदीच्या पाण्यात ठेवतात, मग निथळून फडक्यावर पूर्ण सुकवतात. हे सुकवणे टाळले की पुढची सगळी मेहनत वाया जाते. नंतर जाड भोकांच्या खिसणीवर खिसतात किंवा मिक्सरमध्ये थोडे थोडे घालून झटके देत फिरवतात. सलग फिरवले तर लगदा होतो. कोवळे देठही खिसून घेता येतात.

शिजवायला पसरट लोखंडी कढई किंवा तवा चांगला. तेल, मोहरी, जिरे, कढीपत्ता यांची फोडणी करून चुरा पातळ पसरतात आणि मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटे परततात. झाकण ठेवत नाहीत. झाकणाखाली वाफ अडते, चुरा गिजगिजीत होतो आणि फ्लॉवरमधल्या गंधकाच्या संयुगांचा उग्र वास भांड्यात कोंडतो. कुकर तर या कामाला अजिबात चालत नाही. मीठ शेवटी, कारण ते आधी घातले की पाणी ओढून काढते. खिसलेला कच्चा फ्लॉवर हवाबंद डब्यात घालून फ्रीजमध्ये दोनेक दिवस राहतो, पण त्यानंतर डबा उघडला की घरभर कळते.

नवशिक्यांसाठी निम्मा मोकळा शिजवलेला तांदूळ आणि निम्मा परतलेला फ्लॉवर हा मेळ सर्वांत शहाणपणाचा. घनसाळसारखा वासाचा तांदूळ असेल तर फ्लॉवरचा वासही त्यात दबतो, आणि घरात दोन वेगळे स्वयंपाक करावे लागत नाहीत.

पास्त्याच्या जागी

तिकडे झुकिनी चालते, इकडे दुधी. झुकिनी मोठ्या दुकानांत मिळते, पण मंडईतला कोवळा दुधी तेच काम कमी पैशांत करतो. साल काढून बियांचा गर वगळायचा, उरलेल्या भागाच्या लांब दोऱ्या काढायच्या. यासाठी फिरकीचे यंत्र मिळते. ते नसेल तर साल काढायच्या सोलण्याने लांब पट्ट्या काढून त्या उभ्या चिरल्या तरी भागते. मीठ लावून पंधरा मिनिटे ठेवायचे, पिळायचे, आणि दोन मिनिटांच्या आत कढईतून उतरवायचे. त्यावरचा टोमॅटोचा रस आधी आटवून घट्ट केलेला हवा.

शिजवण्याआधी दुधीचा छोटा तुकडा चाखून पाहणे आवश्यक आहे. कडू लागला तर पूर्ण दुधी टाकून द्यावा. कडूपणा कुकुर्बिटासिन या विषारी संयुगांचा असतो, ती शिजवून नाहीशी होत नाहीत आणि त्यांनी उलट्या, जुलाब, क्वचित पोटात रक्तस्रावही होतो. झुकिनीलाही हाच नियम.

कोबी या सगळ्यांत भरवशाचा. विळीवर लांब, बारीक चिरलेला कोबी मोठ्या आचेवर परतला की करकरीत राहतो आणि पाणी कमी सोडतो. चायनीजच्या गाड्यांवर नूडल्समध्ये तो भरपूर पडतोच. नूडल्स कमी करून कोबी वाढवला तर खाणाऱ्याला फारसे वेगळे वाटत नाही. गाजर आणि बीट आकार छान धरतात, पण गोडसर असतात आणि त्यांत कर्बोदके फ्लॉवरच्या जवळजवळ दुप्पट. शिवाय शिरोळ-हातकणंगले भागात जैन शेतकरी समाज मोठा आहे आणि त्यांच्यातल्या अनेक घरांत कंदमुळे वर्ज्य. तिथे गाजर-बीट बाद होऊन दुधी आणि कोबीच उरतात. लझान्यासाठी भरताचे मोठे वांगे कापतात. कृष्णाकाठची छोटी वांगी भरून करण्यासाठी आहेत, त्यांचे काप काढणे म्हणजे त्यांचा अपमान.

स्पॅगेटी स्क्वॉश नावाचा पिवळा भोपळा शिजल्यावर आपणहून दोऱ्यांसारखा सुटतो. त्याचे तंतू फळाच्या आत गोल फिरलेले असतात, म्हणून तो उभा न चिरता आडवा चिरला तर दोऱ्या लांब निघतात. कोल्हापूरच्या मंडईत तो सहसा दिसत नाही आणि आपला लाल भोपळा शिजून गीर होतो, दोऱ्या देत नाही. जपानी शिराताकी शेवया कोन्याकू या कंदातल्या ग्लुकोमॅनन या तंतूपासून करतात. हा कंद आपल्या सुरणाच्याच कुळातला, ॲमॉर्फोफॅलस प्रजातीतला. तरीही सुरण त्याची जागा घेऊ शकत नाही, कारण सुरण स्टार्चने भरलेला असतो.

आहारमूल्य

शिजलेल्या १०० ग्रॅम पांढऱ्या भातात सुमारे १३० उष्मांक आणि २८ ग्रॅम कर्बोदके असतात, शिजलेल्या पास्त्यात सुमारे १५८ उष्मांक आणि ३१ ग्रॅम. तेवढ्याच कच्च्या फ्लॉवरमध्ये २५ उष्मांक, ५ ग्रॅम कर्बोदके, २ ग्रॅम तंतू आणि भातात नसलेले क जीवनसत्त्व जवळपास ४८ मिलिग्रॅम. १५० ग्रॅमच्या वाटीचा हिशेब केला तर भाताचे १९५ उष्मांक फ्लॉवरमध्ये ३८वर येतात. पण फोडणीत एक मोठा चमचा तेल पडले की १२० उष्मांक परत येतात, आणि कोल्हापुरी हात फोडणीला एका चमच्यावर थांबत नाही.

भाताबरोबर ताटातली प्रथिनेही थोडी जातात. डाळ-भातात डाळीतले लायसिन आणि तांदळातले मेथिओनिन ही अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक, एकमेकांची उणीव भरतात. भात गेला की उसळ, अंडी, दही किंवा मटण वाढवावे लागते. अंगमेहनत करणाऱ्याला ही पद्धत उपयोगाची नाही. तालमीतला पैलवान, ऊसतोड मजूर किंवा फौंड्रीतला कामगार यांना वाटीभर भाताइतकी ऊर्जा फ्लॉवरमधून घ्यायची तर पाऊण किलोहून जास्त फ्लॉवर खावा लागेल.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी भात एकाएकी बंद केल्यास रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते, म्हणून औषधाची मात्रा आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन घेणाऱ्यांनी कोबीवर्गीय भाज्यांचे प्रमाण अचानक वाढवू नये, कारण त्यांतले के जीवनसत्त्व औषधाच्या परिणामात ढवळाढवळ करते. पोट फुगणे ही साधी आणि जास्त आढळणारी तक्रार. प्रमाण हळूहळू वाढवले तर ती बहुतेकांची कमी होते.

जुन्या सवयी

भात सोडून दुसरे काही खाणे इथल्या स्वयंपाकाला नवे नाही. एकादशीला वरीचे तांदूळ शिजतात, रताळे आणि सुरण चालतात. मात्र त्यामागचा हेतू वेगळा आहे: वरी किंवा रताळ्यात कर्बोदके भरपूर असतात, त्यामुळे उपवासाचे ताट मधुमेह्याच्या कामाचे नाही. फ्लॉवर उपवासाला चालत नाही, म्हणून हे दोन पर्याय एकाच घरात राहूनही एका ताटात येत नाहीत. पास्त्याच्या जवळचे घरचे पदार्थ म्हणजे उन्हाळी कामांतल्या पाटावरच्या शेवया आणि आमटीत सोडलेल्या चकोल्या. चकोल्यांत निम्म्या कणकेच्या आणि निम्म्या दुधीच्या चकत्या घातल्या तर आमटी मुळातच घट्ट असल्याने दुधीचे पाणी तिला बाधत नाही. दुधी शेवटची पाच मिनिटे राहिली असताना सोडायचा.