नांगराला साखळी की दोर, हा वाद आला कुठून

क्रूझिंग सेलबोटवाले एकत्र आले की नांगराला पूर्ण साखळी लावायची की थोडी साखळी आणि पुढे नायलॉनचा दोर, यावर हमखास जुंपते. साखळीवाले म्हणतात वजन पाहिजे. पण मागे जाऊन बघितलं तर साखळी मुळात वजनासाठी आलीच नाही, दोर घासून तुटायचा म्हणून आली.

इ.स.पू. 56 च्या मोहिमेबद्दल ज्युलियस सीझरने लिहून ठेवलंय की ब्रिटनीच्या किनाऱ्यावरचे व्हेनेती लोक नांगराला दोराऐवजी लोखंडी साखळी लावतात. तरीपण पुढे शेकडो वर्षं मोठ्या जहाजांवर वाखाचेच दोर होते. ब्रिटिश नौसेनानी नेल्सनच्या 'व्हिक्टरी' या युद्धनौकेवरच्या दोराचा घेर 24 इंच, म्हणजे जाडी जवळपास 19 सेंटिमीटर, तो कॅपस्टनवर, म्हणजे दोर ओढायच्या उभ्या फिरत्या खांबावर, गुंडाळताच यायचा नाही, मग कॅपस्टनवर वेगळा बारीक दोर फिरवायचा आणि हा जाडा दोर त्याला तुकड्यातुकड्याने बांधत-सोडत आत ओढायचा, वर तो ओलाचिंब, गाळाने माखलेला, तसाच खाली रचून ठेवला की कुजायचा.

आणि तळाला प्रवाळ असलं तर विषयच संपला. 1768 मध्ये बूगनव्हिल हा फ्रेंच दर्यावर्दी ताहितीला थांबला आणि 9 दिवसांत 6 नांगर घालवून बसला. लोखंडी साखळ्या असत्या तर हे झालं नसतं, असं त्याने स्वतःच लिहिलंय.

जहाजावर साखळी आणणं जमवलं ब्रिटिश नौदलातल्या सॅम्युअल ब्राऊनने. 1808 मध्ये त्याने 'पेनेलोपी' नावाच्या 400 टनी जहाजावर साखळी बसवून वेस्ट इंडीजची फेरी करून दाखवली. (याच माणसाने 1820 मध्ये इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवर लोखंडी साखळ्यांचा झुलता पूलही बांधला.) प्रश्न होता भरवशाचा, कारण प्रत्येक कडी भट्टीत तापवून हाताने जोडलेली, एक जोड कच्चा राहिला की जहाज गेलं. शेवटी 1864 मध्ये ब्रिटनने कायदाच केला की तपासल्याशिवाय साखळी विकायची नाही.

पण घासण्याचा प्रश्न सुटला तरी एक गोष्ट हातची गेली, ती म्हणजे ताणलं जाण्याचा गुण. दोर लांबतो, झटका खातो. आपल्याकडचा काथ्या तर त्यासाठी उत्तमच, वर खाऱ्या पाण्यात टिकतो. साखळीचा झोल मंद वाऱ्यात झटका खातो खरा, पण वारा जोरात सुटला की ती सरळ ताठ होते आणि मग सगळा धक्का थेट बोटीवर. दुसऱ्या महायुद्धात जपानने फिलिपिन्स घेतलं, तिथल्या अबाकाच्या धाग्यापासून बनणाऱ्या मनिला दोराचा पुरवठा तुटला, आणि नवाकोरा नायलॉन ग्लायडर (बिनइंजिनाची विमानं) ओढायच्या दोरांत गेला. युद्धानंतर तोच यॉटवर आला.

म्हणून आज बहुतेक लांब पल्ल्याचे लोक साखळीच टाकतात आणि तिला वर नायलॉनचा एक तुकडा हुक करतात, स्नबर म्हणतात त्याला, म्हणजे तळाशी 1808 आणि वर 1945. माझ्या मते हेच बरोबर. नुसत्या वजनासाठी जाडी वाढवण्यात अर्थ नाही, 10 मिमी साखळी मीटरला साधारण 2.3 किलो भरते, 60 मीटर म्हणजे बोटीच्या नाकावर जवळपास 140 किलो, 8 मिमीची जेमतेम 85 किलो. फक्त घेताना कडीचं माप बघा, 10 मिमीतच जर्मन मानक डीआयएन 766 ची कडी आतून 28 मिमी लांब आणि आंतरराष्ट्रीय मानक आयएसओवाली 30, डोळ्याला फरक कळत नाही पण विंडलासची (नांगर ओढायच्या यंत्राची) जिप्सी, म्हणजे कड्या बसायचं खाचांचं चाक, एकीची असली तर दुसरी त्यावरून घसरते.