पंधरा अंशांची फट

दोन वर्षांपूर्वी ॲश या झाडाचा एक सरळ, बिनगाठीचा ओंडका हाती आला. धनुष्यासाठी असं लाकूड सहजी मिळत नाही, म्हणून घाई न करता तो अख्खाच, सालीसकट, सावलीत आडवा ठेवला. मुरू दे निवांत, असा विचार. वर्षाच्या आत दोन्ही टोकांना गाभ्यापर्यंत तडे गेले, त्यातला एक तर बोट शिरेल एवढा रुंद. ज्याला दाखवला त्याने वेगळं कारण सांगितलं. ऊन लागलं असेल, लाकूडच कच्चं होतं, चुकीच्या पक्षात तोडलं. खरं कारण मला नंतर कागद-पेन्सिल घेऊन बसल्यावर दिसलं, आणि तेव्हापासून ते भेटेल त्याला सांगतो आहे. गोल ओंडका अख्खा वाळवला तर तो फुटायलाच हवा.

ताज्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं. एक पेशींच्या पोकळीत, नळीतल्यासारखं मोकळं. दुसरं पेशींच्या भिंतीत, सेल्युलोजच्या रेणूंना धरून बसलेलं. लाकूड वाळायला लागलं की आधी मोकळं पाणी जातं. या काळात वजन भराभर उतरतं, पण आकार जवळजवळ तसाच राहतो. ओलावा साधारण ३० टक्क्यांवर आला (कोरड्या लाकडाच्या वजनाच्या तुलनेत मोजलेला; म्हणूनच ताज्या लाकडात तो १०० टक्क्यांच्या वरही असू शकतो) की पोकळ्या रिकाम्या होतात आणि भिंतीतलं पाणी निघायला लागतं. इथून पुढे लाकूड आकसतं. पहिले काही महिने ओंडक्याला काही झालं नाही म्हणून निर्धास्त होणारे इथे फसतात. मीही असाच फसलो.

पेशीची भिंत म्हणजे सेल्युलोजच्या अतिसूक्ष्म दोऱ्या गुंडाळून केलेली नळी. भिंतीच्या सर्वांत जाड थरात या दोऱ्या जवळपास उभ्या असतात, पेशीच्या अक्षाशी साधारण १० ते ३० अंश कललेल्या. पाण्याचे रेणू दोऱ्यांच्या मधल्या जागेत असतात. ते निघून गेले की दोऱ्या एकमेकींच्या जवळ सरकतात, पण दोरीची लांबी काही कमी होत नाही. म्हणून लाकूड रुंदीत आकसतं आणि लांबीत जेमतेम ०.१ ते ०.२ टक्के. दोन मीटरची फाक वाळून फार तर चार मिलिमीटरने तोकडी होईल.

आता माझा आवडता भाग. रुंदीतही दोन दिशा आहेत: गाभ्यापासून सालीकडे जाणारी त्रिज्येची दिशा आणि वार्षिक वलयांच्या कडेने फिरणारी परिघाची दिशा. लाकूड या दोन्हींत सारखं आकसत नाही. पूर्ण कोरडं होईपर्यंत त्रिज्येत सुमारे ४ टक्के आणि परिघात सुमारे ८ टक्के, असं ढोबळ प्रमाण धरता येतं. जातीनुसार आकडे बदलतात, पण परीघ जास्त आकसतो हे कायम. एक कारण म्हणजे गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या किरणपेशींच्या पट्ट्या. त्या त्रिज्येच्या दिशेने लाकडाला आतून ताणून धरतात. दुसरं कारण वलयांच्या रचनेत आहे. प्रत्येक वलयात हंगामाच्या शेवटी तयार झालेला दाट थर जास्त आकसतो. परिघाच्या दिशेने हा थर सलग असल्याने तो शेजारच्या मऊ थरालाही आपल्याबरोबर ओढतो. त्रिज्येच्या दिशेने दाट आणि मऊ थर आळीपाळीने येतात, त्यामुळे तिथे दोघांची सरासरी होते.

हिशोब करू. एका वलयाचा परीघ १०० सेंटिमीटर आहे असं धरा. वाळल्यावर त्याला ९२ सेंटिमीटर व्हायचं आहे. पण त्रिज्या फक्त ४ टक्क्यांनी घटली, म्हणजे त्या वर्तुळाला बंद राहायला ९६ सेंटिमीटर परीघ लागतो. चार सेंटिमीटर कमी पडले. ते आणणार कुठून? ९६ मधले ४ म्हणजे ३६० अंशांतले बरोबर १५ अंश. वलय छोटं घ्या की मोठं, उत्तर १५ अंशच येतं. म्हणजे ही कमतरता प्रत्येक वलयात, गाभ्यापासून सालीपर्यंत एकाच कोनाची आहे, आणि तिचा आकार पाचरीचा आहे. ओंडक्यातला तडा नेमका पाचरीच्याच आकाराचा असतो, गाभ्याशी निमुळता आणि सालीशी रुंद! धनुष्याच्या लाकडात आपण ओलावा शून्यावर नेत नाही, १० टक्क्यांच्या आसपास थांबतो. तिथे आकसण्याचा दोन-तृतीयांश भाग झालेला असतो, म्हणजे फट सुमारे १० अंशांची. ती एका रुंद तड्यात दिसेल किंवा दहा बारीक तड्यांत वाटली जाईल, पण टळत नाही.

टाळायचा मार्ग एकच: ती फट आधीच करून ठेवायची. ओंडका ताजा असतानाच पाचर आणि घण घेऊन उभा दुभंगायचा. आता अर्ध्या ओंडक्याच्या १८० अंशांना १७२ व्हायचं असेल तर त्याला कोण अडवतं? खुशाल व्हावं. वाळलेल्या अर्ध्या ओंडक्याच्या सपाट बाजूवर आडवी पट्टी ठेवली तर ती मधोमध, गाभ्यावर डुगडुगते, कारण तो कोन खरोखरच मिटलेला असतो. करवतीने कापण्यापेक्षा पाचरीने फोडणं चांगलं. फूट तंतूंच्या मागे जाते, त्यामुळे धनुष्यभर तंतू सलग राहतात आणि लाकडात पीळ असेल तर तोही लगेच कळतो.

फोडल्यावरही बारीक तड्यांचा धोका उरतो, त्याचं कारण मात्र वेगळं. बाहेरचा थर आधी वाळून आकसू पाहतो, आतला ओला भाग त्याला आकसू देत नाही, आणि बाहेरचा थर फाटतो. टोकांना हे सर्वांत आधी होतं, कारण पाणी तंतूंच्या दिशेने आडव्या दिशेपेक्षा दहा-पंधरा पट वेगाने बाहेर पडतं. म्हणून टोकांना त्याच दिवशी मेण, रंग किंवा लाकूडकामाचा पांढरा गोंद जाडसर लावायचा. साल काढली असेल तर धनुष्याची पाठ (वाकवल्यावर ताणली जाणारी, बाहेरची बाजू) होणाऱ्या बाजूलाही लावायचा. साल ठेवली तर तिच्याखाली किडे अंडी घालतात आणि अळ्या नेमक्या पाठीच्या थरात बोगदे करतात. मी साल काढतो.

किती दिवस? इंचाला एक वर्ष, असा ठोकताळा सांगतात. पण पाणी विसरणाने, म्हणजे ओल्या भागाकडून कोरड्याकडे हळूहळू सरकत, बाहेर येतं आणि विसरणाला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दहा सेंटिमीटरची फाक पाच सेंटिमीटरच्या फाकेच्या चौपट वेळ घेते. म्हणूनच अनेक कारागीर धनुष्य ओबडधोबड तासून घेतात आणि मग वाळवतात. मुठीच्या दोन बाजूंचे पातळ बाहू महिन्यांऐवजी काही आठवड्यांत तयार होतात. आल्प्समध्ये १९९१ साली सापडलेल्या, पाच हजार वर्षांपूर्वीच्या ‘ओत्झी’ या बर्फात टिकलेल्या माणसाच्या मृतदेहाजवळचं सुमारे १.८ मीटरचं यू लाकडाचं धनुष्यही असंच अर्धवट तासलेलं आहे.

‘वीस वर्षं मुरलेलं लाकूड’ असं मोठ्या कौतुकाने सांगून ते चढ्या भावाने विकणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. लाकूड भोवतालच्या हवेशी समतोल साधतं आणि तिथेच थांबतं. हवेची सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकडात सुमारे ९ टक्के ओलावा राहतो, ६५ असेल तर १२, ८० असेल तर १६. दमट जागी वीस वर्षं पडलेली फाक १६ टक्क्यांवरच असेल. अशा लाकडाचं धनुष्य वाकवलं की पोटाकडचे, म्हणजे आतल्या बाजूचे, तंतू दबतात आणि दबलेलेच राहतात. दोरी उतरवल्यावरही बाहू वाकलेले दिसतात. पूर्ण ओल्या लाकडाची तंतूंच्या दिशेने दाब सोसण्याची ताकद १२ टक्के ओलाव्याच्या तुलनेत साधारण निम्मीच असते. उलट, फार कोरडं लाकूड ठिसूळ होऊन पाठीकडून तुटतं. ८ ते १० टक्के हा मधला पट्टा. तो ओळखायला वजनकाटा पुरतो. दर आठवड्याला वजन लिहून ठेवा. हवा फारशी बदललेली नसताना ते स्थिर राहिलं, तर लाकूड त्या हवेशी जुळलं. मग खोलीची आर्द्रता पाहिली की ओलावा किती ते कळतं.

आणि थंडीत, कृष्णपक्षात तोडलेलं लाकूड फुटत नाही म्हणतात, त्याचं काय? थंडीत तोडण्याचे फायदे खरे आहेत: लाकूड सावकाश वाळतं, किडे झोपलेले असतात. पण ‘थंडीत रस मुळांत उतरतो म्हणून लाकूड कोरडं असतं’ हे बहुतेक जातींत खरं नाही; खोडातल्या ओलाव्यात मोठा फरक पडत नाही. चंद्राने तर ते १५ अंश भरून येणार नाहीत. ओंडका अमावास्येला तोडा की पौर्णिमेला, अख्खा ठेवलात तर परीघ कमी पडणारच.

माझा फुटलेला ओंडका मी त्या रुंद तड्यातच पाचर घालून फोडला. तड्याच्या बरोबर समोरचा भाग शाबूत निघाला, कारण मोठा तडा गेल्यावर तिथला ताण सुटला होता. त्यातून सहा सेंटिमीटर रुंदीची एक फाक मिळाली. ती आता तासून काट्याशेजारी ठेवली आहे. गेल्या आठवड्यात तिचं वजन आणखी अकरा ग्रॅमने उतरलं.