धुराची वाट का बुजवली: व्ही-८ इंजिनातल्या उष्णतामार्गाची पार्श्वभूमी

जुन्या अमेरिकन व्ही-८ इंजिनाचा (चार-चार सिलिंडरांच्या दोन ओळी इंग्रजी व्हीच्या आकारात असलेल्या) इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांकडे पेट्रोल-हवेचं मिश्रण नेणारा नळांचा ओतीव भाग, उतरवला की ते मिश्रण तयार करणाऱ्या कार्बोरेटरच्या बुडाखाली काजळीने काळाकुट्ट झालेला एक आडवा बोगदा दिसतो. पेट्रोल-हवेच्या वाटेत एक्झॉस्टच्या, म्हणजे सिलिंडरांतून बाहेर पडणाऱ्या, धुराचं काय काम, हा प्रश्न मला म्हापशाच्या एका गॅरेजमध्ये पडला. आपल्याकडच्या उकाड्यात याची गरजच नाही, असं तिथल्या मेस्त्रीचं ठाम मत होतं. गोव्यापुरतं ते बरोबर आहे. पण हा बोगदा ज्यांनी ओतला, ते अमेरिकन मोटार उद्योगाच्या डेट्रॉइट शहरात बसले होते. तिथे जानेवारीत पारा शून्याखाली जातो, पणजीत पहाटेही तो २० अंशांच्या आसपास असतो.

१९१०च्या दशकात मोटारी झपाट्याने वाढल्या आणि मागणी पुरवण्यासाठी पेट्रोलमध्ये जड, उशिरा वाफ होणारे घटक वाढत गेले. थंडीत असं पेट्रोल मॅनिफोल्डच्या भिंतींवर थेंबाथेंबाने साचे आणि इंजिन अडखळे. शिवाय पेट्रोलची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता शोषतं. दमट हवेत तर गोठणबिंदूच्या बऱ्याच वर तापमान असतानाही कार्बोरेटरच्या आत बर्फ धरतो. उपाय सोपा होता: एक्झॉस्टची ऊब इनटेकला द्यायची. विलीज जीपसारख्या, एकाच ओळीत सिलिंडर असलेल्या सरळ इंजिनांत दोन्ही मॅनिफोल्ड एकाच बाजूला, एकमेकांना चिकटून असल्याने हे सहज जमलं. व्ही-८मध्ये मात्र एक्झॉस्ट दोन्ही बाहेरच्या अंगांना आणि इनटेक मधल्या खोबणीत. म्हणून धूर आत आणून मॅनिफोल्डखालून पलीकडे नेणारी वाट करावी लागली. १९३२च्या फोर्ड फ्लॅटहेड इंजिनात ती ब्लॉकमधून, म्हणजे सिलिंडर असलेल्या मुख्य भागातून जाते. १९५५च्या शेवरोले स्मॉल ब्लॉक इंजिनात हेडमधून, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणातून. एका बाजूच्या एक्झॉस्टमध्ये द्विधातू स्प्रिंगची (दोन धातूंची, तापमानानुसार वळणारी) झडप असते. इंजिन थंड असताना ती मिटते आणि धुराला आडवाटेने ढकलते.

मग आले शर्यतवाले. कॅलिफोर्नियातल्या सांता आना विमानतळाच्या धावपट्टीवर १९५०मध्ये तिकीट लावून ड्रॅग शर्यती (थांबलेल्या गाड्या सरळ रेषेत पळवायच्या) सुरू झाल्या, १९५१मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. अंतर पाव मैल, म्हणजे साधारण ४०२ मीटर. इथे सकाळी गाडी कशी सुरू होते याला महत्त्व नाही. पूर्ण थ्रॉटलवर, म्हणजे अॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर, सिलिंडरमध्ये किती हवा जाते, एवढंच मोजायचं. गरम हवा विरळ असते. ५० अंशांवरचं मिश्रण ४० अंशांवर आणलं, तर त्याच आकारमानात सुमारे ३ टक्के जास्त वजनाची हवा मावते. त्यात दोन फेऱ्यांमध्ये गाडी उभी असताना कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळायचं, हा वेगळाच ताप. म्हणून मॅनिफोल्ड थंड ठेवण्यासाठी फेऱ्यांच्या मध्ये त्यावर बर्फाच्या पिशव्या ठेवायचे. हा खटाटोप करायचा आणि खालून धूर खेळू द्यायचा, यात अर्थ नव्हता.

बुजवण्याचा सोपा मार्ग म्हणजे इनटेक गॅस्केटखाली (जोडावरच्या सीलखाली) स्टेनलेस स्टीलचा पातळ पत्रा. साधा टिनचा पत्रा धुराच्या धगीने जळून त्याला भोक पडतं. काहींनी तर हेडमधल्या वाटेत वितळलेलं अॅल्युमिनियमच ओतलं. मला हे धाडस थोर वाटतं, कारण ते परत काढणं जवळपास अशक्य. पुढे ही वाट नसलेले शर्यतीचे मॅनिफोल्ड तयारच मिळू लागले. आणि पेट्रोल थेट इनटेक व्हॉल्व्हजवळ फवारणारं इंजेक्शन आल्यावर मॅनिफोल्ड तापवायचं कारणच उरलं नाही. १९९७च्या कॉर्व्हेटमधल्या एलएस१ इंजिनात प्लास्टिकचा मॅनिफोल्ड आहे. त्यातून धूर जाण्याचा प्रश्नच येत नाही.

पोर्तुगीज काळात गोव्यात परदेशी गाड्या सहज येत, आणि त्यातल्या काही आजही जिवापाड जपलेल्या आहेत. अशा एखाद्या व्ही-८मध्ये पत्रा घालणार असाल, तर आधी एक्झॉस्टमधली ती झडप पाहा. ती गंजून मिटलेली असेल आणि आडवाटही बंद केली, तर त्या बाजूच्या चार सिलिंडरांचा धूर कोंडतो. झडप काढा, नाहीतर उघडी बांधून टाका. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देणाऱ्या चोकची स्प्रिंग त्याच वाटेवरून ऊब घेत असेल, तर चोक उघडणार नाही आणि जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन नेईल. तिथे हाताने ओढायचा चोक बसवा.