झाँ व्हॅन द व्हेल्ड

झाँ व्हॅन द व्हेल्ड (जन्म २९ मे १९६६) : फ्रेंच व्यावसायिक गोल्फपटू. युरोपियन टूरवर, म्हणजे युरोपातल्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत, दोन विजेतेपदे त्याच्या नावावर असून रायडर चषकासाठी (युरोप आणि अमेरिका यांच्यातली सांघिक लढत) युरोपच्या संघात निवडला गेलेला तो पहिला फ्रेंच खेळाडू आहे. पण गोल्फ पाहणाऱ्यांना तो ठाऊक आहे तो मिळवलेल्या चषकांमुळे नव्हे, हातातून निसटलेल्या एका चषकामुळे. १८ जुलै १९९९ रोजी स्कॉटलंडमधल्या कार्नूस्टी मैदानावर ब्रिटिश ओपनच्या शेवटच्या, म्हणजे अठराव्या होलवर तो तीन फटक्यांची आघाडी घेऊन उभा होता आणि तीनही फटके त्याने तिथेच घालवले.

त्याचा जन्म नैर्ऋत्य फ्रान्समधल्या मों-द-मार्सां या गावचा. पाइनची जंगले, रग्बी आणि बैलझुंजी यांचा हा मुलूख. गोल्फ त्या मानाने मूठभर लोकांचा खेळ. पण युरोपच्या मुख्य भूमीवर तो रुजला तो याच भागात. पो या शहरात १८५६ मध्ये ब्रिटिश रहिवाशांनी क्लब काढला, तो मुख्य भूमीवरचा पहिला. पुढे बियारित्झचा आर्नो मासी इथलाच. १९०७ मध्ये इंग्लंडमधल्या हॉयलेकला ब्रिटिश ओपन जिंकून तो ही स्पर्धा जिंकणारा पहिला परदेशी ठरला आणि त्या आनंदात त्याने मुलीचे नावच हॉयलेक ठेवले. त्यानंतर एकाही फ्रेंच पुरुषाला ही स्पर्धा जिंकता आलेली नव्हती. १९९९ च्या त्या रविवारी फ्रान्सचे डोळे कार्नूस्टीकडे का लागले होते, ते यावरून कळावे.

व्हॅन द व्हेल्ड १९८७ मध्ये व्यावसायिक झाला. १९९३ मध्ये त्याने रोम मास्टर्स स्पर्धा प्ले-ऑफमध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या जादा होलांवर, जिंकली. त्यानंतर सहा वर्षे विजेतेपद नाही. टूरवर टिकून राहणारा, अधूनमधून वरच्या नावांत झळकणारा, सहकाऱ्यांत हसतमुख म्हणून लोकप्रिय असा तो खेळाडू होता. कार्नूस्टीला आला तेव्हा जागतिक क्रमवारीत तो दीडशेच्या आसपास होता आणि त्याच्यावर पैज लावणारे फारसे कुणी नव्हते.

त्या वर्षी कार्नूस्टीने भल्याभल्यांना रडवले, तेही अक्षरशः. फेअरवे, म्हणजे कापलेल्या गवताचे मधले पट्टे, चिंचोळे, दोन्ही बाजूंना गुडघाभर वाढलेले गवत आणि वर समुद्राचा वारा. नुकताच व्यावसायिक झालेला एकोणीस वर्षांचा सर्जिओ गार्सिया ८९ आणि ८३ अशा दोन फेऱ्या खेळून बाद झाला आणि आईच्या कुशीत रडला. पहिल्या दिवशी ७१ फटक्यांत आघाडी घेणारा ऑस्ट्रेलियाचा रॉड पॅम्पलिंग दुसऱ्या दिवशी ८६ खेळला आणि स्पर्धेबाहेर गेला. अशा मैदानावर व्हॅन द व्हेल्डने ७५, ६८ आणि ७० अशा फेऱ्या खेळून शनिवारी संध्याकाळी पाच फटक्यांची आघाडी घेतली. तिसऱ्या फेरीअखेर तो बरोबर पारवर होता आणि पारच्या खाली कुणीच नव्हते. पार म्हणजे मैदानाने ठरवून दिलेली फटक्यांची संख्या. तिच्यापेक्षा एक फटका कमी लागला तर बर्डी, एक जास्त लागला तर बोगी.

रविवारी तो थोडा ढेपाळला, पण बाकीच्यांचीही तीच गत होती. सतराव्या होलनंतर तो पारपेक्षा तीन फटके मागे होता. खेळ संपवून बसलेले दोघे, स्कॉटलंडचा पॉल लॉरी आणि अमेरिकेचा जस्टिन लेनर्ड, पारपेक्षा सहा फटके मागे होते. अठरावा होल चार फटक्यांचा. सहा लागले तरी चषक त्याचाच.

या होलची रचना ध्यानात घेतल्याशिवाय पुढचे कळणार नाही. बॅरी बर्न नावाचा ओढा (स्कॉटिश बोलीत बर्न म्हणजेच ओढा) इथे वळणे घेत वाहतो. टीवरून, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरून, मारलेल्या पहिल्या फटक्याच्या वाटेत तो आडवा येतो आणि ग्रीनच्या (होलभोवतीच्या तासलेल्या हिरवळीच्या) अगदी तोंडाशी पुन्हा आडवा पसरतो. काठ मातीचे नाहीत, दगडी बांधाचे आहेत. समुद्र जवळ असल्याने भरती-ओहोटीनुसार पाणी वरखाली होते.

व्हॅन द व्हेल्डने पिशवीतून ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारणारा क्लब (गोल्फची काठी), काढला. पहाणाऱ्यांच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली, कारण लहान क्लबने सुरक्षित मारण्याला पूर्ण वाव होता. चेंडू उजवीकडे वाहवत गेला, पण नशिबाने पाण्यात न पडता सतराव्या होलच्या बाजूला, ओढ्याच्या वळणात सापडलेल्या जिभेसारख्या जमिनीवर थांबला. इथवर काहीच बिघडले नव्हते. चेंडू खेळण्याजोगा होता. एक फटका डावीकडे फेअरवेवर, दुसरा ग्रीनवर, मग तीन पट, म्हणजे ग्रीनवर चेंडू होलकडे ढकलणारे फटके. अशा पाचव्या दर्जाच्या खेळानेही सहा होतात.

त्याने दोन नंबरचे आयर्न (लांब पल्ल्याचा लोखंडी क्लब) घेऊन थेट ग्रीन गाठायचे ठरवले. बरेचसे लेखन पहिल्या फटक्याला दोष देते. माझ्या मते खरी गफलत या दुसऱ्या फटक्यात आहे, कारण पहिल्या वेळी ओढा चुकला होता आणि दुसऱ्या वेळी तो पुन्हा ओलांडायला त्याला कुणीच सांगितले नव्हते. चेंडू पुन्हा उजवीकडे गेला, प्रेक्षकांच्या गॅलरीकडे. गॅलरीत शिरून राहिला असता तरी नियमाप्रमाणे दंड न होता चेंडू बाहेर मोकळ्या जागी टाकून खेळता आला असता. पण तो गॅलरीच्या लोखंडी कठड्यावर आपटला, उलटा उसळून ओढ्याच्या दगडी बांधाच्या माथ्यावर आदळला आणि मागे, ओढ्याच्या अलीकडच्या काठावर गच्च गवतात जाऊन पडला. असा टप्पा मुद्दाम मारू म्हटले तर शंभरदा मारून साधणार नाही. त्यात कौशल्याचा दोष किती आणि नशिबाचा किती, यावर गोल्फच्या मैदानांवर अजूनही वाद झडतात.

त्या गवतातून वेजने (चेंडू उंच उडवणाऱ्या आखूड पल्ल्याच्या क्लबने) काढलेला चेंडू जेमतेम हलला आणि ओढ्यात पडला. मग जे घडले ते टीव्हीवर इतक्यांदा दाखवले गेले आहे की गोल्फ न समजणाऱ्यांनीही ते पाहिलेले असते. व्हॅन द व्हेल्डने बूट काढले, मोजे काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि बांधावरून खाली उतरून पाण्यात उभा राहिला. हातात वेज. पाण्यात अर्धवट बुडालेला चेंडू दिसत होता आणि तो तसाच मारावा असा त्याचा विचार चालला होता. बीबीसीचे समालोचक पीटर अ‍ॅलिस यांना राहवेना. कुणीतरी जाऊन या माणसाला आवरा आणि त्याला ब्रँडी पाजा, अशा अर्थाचे ते बोलून गेले. चेंडू पाण्यात आणखी खाली बसत गेला. शेवटी व्हॅन द व्हेल्ड वर आला, एका फटक्याचा दंड घेऊन चेंडू बाहेर टाकला आणि पाचवा फटका मारला. तो ग्रीनशेजारच्या बंकरमध्ये, वाळूत.

त्याच बंकरमध्ये त्याच्यासोबत खेळणारा प्रतिस्पर्धी क्रेग पॅरी याचाही चेंडू होता. पॅरीची पाळी आधी. त्याने वाळूतून चेंडू उडवला तो थेट होलमध्ये. व्हॅन द व्हेल्डच्या वाट्याला मात्र चेंडू काढून ग्रीनवर आणणेच आले. सहावा फटका. उरला सहा-सात फुटांचा पट. तो हुकला असता तर प्ले-ऑफही नाही. तो त्याने घातला, मूठ आवळली आणि चेंडू प्रेक्षकांत भिरकावला. एकूण सात. एवढ्या फजितीनंतर आलेला हा पट त्या होलवरचा सर्वांत अवघड फटका होता असे म्हणायला हरकत नाही. त्याची आठवण मात्र फारशी कुणी काढत नाही.

चार होलांचा प्ले-ऑफ पावसात झाला. पहिल्याच होलवर व्हॅन द व्हेल्डचा चेंडू काटेरी झुडपात गेला आणि त्याला दोन फटके जास्त लागले. लॉरीने शेवटच्या दोन्ही होलवर बर्डी केली. अठराव्यावर त्याने चार नंबरच्या आयर्नने मारलेला चेंडू झेंड्याच्या अगदी जवळ येऊन थांबला, आणि तो चेंडू ज्या ओढ्यावरून आला तो तोच ओढा. लॉरीचे फटके १५, इतर दोघांचे प्रत्येकी १८. शेवटच्या दिवशी दहा फटके मागून येऊन लॉरी जिंकला. कोणत्याही मेजर, म्हणजे सर्वांत मानाच्या, स्पर्धेत इतक्या मागून येऊन आजवर कुणी जिंकलेले नाही. त्याची त्या दिवशीची फेरी ६७ ची होती. अ‍ॅबर्डीनच्या या माणसाने घरच्या मैदानांवर ओपन जिंकले, आणि लोक अजूनही तो दिवस दुसऱ्याच्या नावाने ओळखतात. व्हॅन द व्हेल्डबद्दल हळहळणाऱ्यांनी लॉरीच्या बाजूनेही एकदा विचार करायला हवा. लेनर्डचेही तसेच. त्यानेही अठराव्यावर दुसरा फटका त्याच ओढ्यात घातला होता. तो वाचला असता तर प्ले-ऑफची वेळच आली नसती.

पत्रकारांसमोर व्हॅन द व्हेल्ड रडला नाही की कॅडीवर (क्लबची पिशवी वाहणाऱ्या मदतनिसावर) खापर फोडले नाही. पुढच्या वेळी वेज मारीन, मग तरी माफ कराल ना, असे हसत म्हणाला. त्याच वर्षाच्या अखेरीस एका पटर बनवणाऱ्या कंपनीच्या जाहिरातीसाठी तो पुन्हा त्याच होलवर गेला आणि केवळ पटरने, म्हणजे ग्रीनवर चेंडू ढकलायच्या क्लबने, तो होल खेळला. तिसऱ्या प्रयत्नात सहा फटक्यांत जमले. ओपन जिंकायला तेवढेच पुरले असते.

कार्नूस्टीला मिळालेल्या निवडीच्या गुणांमुळे त्याला सप्टेंबर १९९९ मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकलाइन इथल्या रायडर चषकात स्थान मिळाले. त्याच संघात लॉरीही होता. कर्णधार मार्क जेम्सने मात्र पहिल्या दोन दिवसांत व्हॅन द व्हेल्डला, तसेच यार्मो सांडेलिन आणि अँड्र्यू कोल्टार्ट यांना एकदाही खेळवले नाही. थेट शेवटच्या दिवशी अमेरिकन खेळाडूंसमोर उतरवले. तिघेही हरले. व्हॅन द व्हेल्डला डेव्हिस लव्हने सहज हरवले. चार गुणांची आघाडी घेतलेल्या युरोपचा शेवटी एका गुणाच्या फरकाने, १४½–१३½ असा पराभव झाला. दोन दिवस बाकावर बसवलेल्या माणसाकडून तिसऱ्या दिवशी अपेक्षा धरायची, हे गणित तेव्हाही अनेकांना पटले नव्हते.

पुढे तो अमेरिकेच्या टूरवर गेला. २००० साली टुसॉन आणि रेनो-ताहो या दोन स्पर्धांत तो उपविजेत्यांत होता; रेनोला प्ले-ऑफमध्ये स्कॉट व्हरप्लँककडून हरला. मग गुडघ्याच्या दुखापतीने त्याला बराच काळ मैदानाबाहेर ठेवले. २००५ मध्ये पॅरिसजवळच्या ल गोल्फ नॅशनल मैदानावर फ्रेंच ओपनमध्ये तो पुन्हा विजेतेपदाच्या दारात होता आणि पुन्हा प्ले-ऑफमध्ये हरला, या वेळी आपल्याच देशाच्या झाँ-फ्रान्स्वा रेमेसीकडून. त्याच वर्षी ब्रिटिश ओपनची दारे स्त्रियांसाठी उघडल्यावर त्याने महिलांच्या ब्रिटिश ओपनमध्ये आपले नाव द्यायची आणि त्यासाठी पायांचे केस काढून किल्ट (स्कॉटिश पुरुषांचा घागरा) घालायची गंमत केली होती.

२००६ मध्ये मदेरा बेटावरची स्पर्धा त्याने जिंकली. पहिल्या विजेतेपदानंतर तेरा वर्षांनी दुसरे. याची बातमीही कार्नूस्टीच्या उल्लेखाशिवाय क्वचितच छापली गेली.

फ्रेंच गोल्फमध्ये त्याचा मान त्या एका होलवर अवलंबून नाही. त्याच्यानंतर थॉमस लव्हे २००२ च्या ओपनमध्ये मूरफिल्डला प्ले-ऑफपर्यंत गेला, ग्रेगरी हावरे २०१० च्या यूएस ओपनमध्ये दुसरा आला आणि २०२३ मध्ये सेलिन बुतिएने एव्हियाँ स्पर्धा जिंकून महिलांच्या बाजूने फ्रान्सला मेजर मिळवून दिली. २०१८ चा रायडर चषक तर ल गोल्फ नॅशनललाच झाला. पुरुषांत मात्र मासीच्या १९०७ च्या ओपनच्या जोडीला दुसरा चषक अजून आलेला नाही.

पन्नाशी पूर्ण झाल्यावर २०१६ च्या जुलैमध्ये तो ज्येष्ठांच्या ओपनमध्ये उतरला. मैदान कार्नूस्टीच होते.