मच्चा म्हणजे हिरव्या चहाची नुसती पूड नव्हे

जपानला जाऊन आलेली मंडळी हमखास सांगतात: 'पट्ट्यावर फिरणाऱ्या सुशीच्या हॉटेलात मच्चा फुकट असतो, डब्यातून हवा तेवढा घ्या!' टेबलावरच्या त्या डब्यात सहसा मच्चा नसतोच. असतो तो फुन्मात्सुचा. साध्या हिरव्या चहाची पूड कपात टाकायची, टेबलाच्याच नळाचं गरम पाणी ओतायचं, की झालं.

मच्चा कसा दिसतो नि कसा घुसळतात हे आता सांगायला नको, पुण्या-मुंबईच्या कॅफेंनी ते काम केलं आहे. फक्त 'मॅचा' म्हणू नका. आणि 'मच्चा टी' तर नकोच. शेवटचा 'चा' म्हणजेच चहा, आपण घरी म्हणतो तोच 'चा', दोघांचं मूळ चिनी. (च 'चहा'तला, 'चमचा'तला नव्हे.)

मच्चा आणि फुन्मात्सुचा, दोन्ही हिरवे, दोन्ही पूड, म्हणून लोक समजतात की मच्चा तेवढा जास्त बारीक दळलेला. खरा फरक दळणाच्या आधीच पडलेला असतो. मच्चाच्या पानाला तेन्चा म्हणतात. खुडणीच्या साधारण तीन आठवडे आधी मळ्यावर आच्छादन घालतात, पूर्वी बोरू आणि भाताच्या पेंढ्याचं, आता बहुधा काळ्या जाळीचं. ऊन तुटलं की पान हरितद्रव्य वाढवतं. शिवाय पानातलं थियानिन, ज्यातून तो गोडसर-मांसल उमामी येतो, उन्हात कॅटेचिन या तुरट द्रव्यात बदलत जातं. सावलीत ते बरंचसं टिकतं. खुडलेली पानं वाफवतात आणि न वळता, सपाटच वाळवतात. मग देठ-शिरा काढून टाकतात आणि उरलेला मऊ भाग दगडी जात्यात जातो. एका जात्यातून तासाला निघतो जेमतेम 40 ग्रॅम. किंमत का चढते ते इथे कळतं.

फुन्मात्सुचा बहुधा सेन्चाचा, म्हणजे उन्हात वाढलेल्या, वाफवून वळलेल्या रोजच्या चहाचा. तो कितीही बारीक दळा, अगदी त्याच जात्यात दळा, मच्चा होणार नाही. पिवळट हिरवा रंग आणि तुरटपणा पानातच आहे.

आता पाकिटावरची कान्जी, म्हणजे जपानी लिखाणातली चिनी चिन्हं. इथे थोडंफार शिकलेलेच जास्त फसतात. 'मच्चा'च्या पहिल्या चिन्हात डावीकडे हाताचं अंग आहे (खाली आकडा असलेली उभी रेघ आणि तिला छेदणारे दोन फटकारे) आणि उजवीकडे झाडासारखं, वरची आडवी रेघ लांब असलेलं 'मात्सु'. फुन्मात्सुचामधलं दुसरं चिन्ह हेच 'मात्सु', फक्त हाताशिवाय. ते झाड ओळखलं की लोक खुशीत पाकीट उचलतात. त्यापेक्षा पहिल्याच चिन्हाची डावी बाजू बघा. हात असेल तर मच्चा. फुलीभोवती चार छोटे फटकारे, म्हणजे तांदळाचं अंग, असेल तर ती कसली तरी पूड. आणि 'मच्चा-इरी' लिहिलं असेल तर आत मच्चा 'घातलेला' आहे, बहुतेक वेळा चवीपुरता.

कोनाचा हा तिसरा गोंधळ, पण किरकोळ. सेन्चा किंवा ग्योकुरो (सावलीत वाढवलेला उंची पानांचा चहा) चाळताना उरलेला चुरा, आपल्या डस्टसारखा. तो गाळून पितात, गिळत नाहीत. चांगल्या सुशीवाल्याकडे शेवटी येणारा कडक 'आगारी' बहुधा हाच, आणि माझ्या मते माशानंतर मच्चापेक्षा तोच बरा.

'सेरेमोनियल ग्रेड' या शिक्क्याला जपानी कायद्यात व्याख्या नाही, त्यामुळे त्याचे जादा पैसे मोजताना दहादा विचार करा. तिथला जाणकार विक्रेता विचारतो की उसुचा करायचा की कोइचा. उसुचा म्हणजे 2 ग्रॅम मच्चा सुमारे 70 मिलीलीटर पाण्यात फेसाळून केलेला पातळ चहा. कोइचा म्हणजे त्याच्या दुप्पट मच्चा निम्म्या पाण्यात, फेस न काढता मळल्यासारखा दाट. दही-केळ्याच्या स्मूदीत फुन्मात्सुचा खुशाल घाला, मीही घालतो, मच्चा तिथे वायाच जातो. पण त्याच फुन्मात्सुचाचा कोइचा करून बघा. दुसरा घोट कुणी घेणार नाही.